सोमवार बकुळाचा

बकुळा गुणाची, बकुळा गरीब स्वभावाची, बकुळाच्या हाताला काय चव! ऐकून ऐकून माझे कान किटले. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत कुणालाही विचारा, हेच सांगतील. मला मात्र कुणी विचारत नाही. मी तिची मोठी जाऊ. तिच्याबरोबर एका चुलीवर रांधलंय मी. तिच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा आहे की नाही, तुम्हीच सांगा.

सासूबाई गेल्या तेव्हापासून घरातली चूल माझ्याकडे. माणसं मोजकीच. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गिरणीतून सुटून घरी बसलेले. आमचे हे, गणपत, गिरणीत मागावर. धाकटे दीर दौलत भावजी दुसऱ्या गिरणीत सूतखात्यात. आणि आमची लहानगी राधा. रात्री काय शिजणार ते मी ठरवायची आणि सगळे गुमान जेवायचे. कुणी कधी वाईट म्हटलं नाही. कुणी चांगलंही म्हटलं नाही, पण त्याचं मला काही नव्हतं. कोकणातल्या पुरुषाने ताट रिकामं केलं की तेच त्याचं चांगलं म्हणणं, असं मी समजायची.

पंचावन्न सालच्या वैशाखात भावजींचं लग्न झालं आणि ही बकुळा घरात आली. सावळी, बारकी, दात थोडे पुढे. रूपाने काही अप्सरा नव्हे, हे मी आधीच सांगून ठेवते. आल्या आल्या म्हणाली, "जाऊबाई, मी पण करीन हो जेवण. वार वाटून घेऊ."

म्हटलं घेऊ की. मी काय दुधखुळी आहे? आमच्यात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे खायचे वार. मासळी, कोंबडी, मटण, जे काय असेल ते त्या दिवशी. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळायचे. मंगळवार आपला अधलामधला. मी तिला गोड आवाजात सांगितलं, "नवी आहेस गो, तुझा हात बसायला हवा. तू चार वार घे, मला तीन पुरेत." आणि खायचे तिन्ही वार माझ्याकडे ठेवले. बांगड्याचं तिखलं माझं, कोंबडी-वडे माझे. तिने काय करावं? डाळ करावी, भोपळा चिरावा. भोपळ्याने कुणाचं नाव झालंय का कधी?

ती म्हणाली, "चालेल, जाऊबाई." बावळट आहे बिचारी, असं मला तेव्हा वाटलं.

तिच्या पहिल्या सोमवारची गोष्ट ऐका. मामंजींचा सोमवारचा उपास कडक. दिवसभर चहा-पाणी, आणि संध्याकाळी दिवा लागला की सोडायचे. मी त्यांना आपला वरणभात आणि एखादी भाजी द्यायची. दिवसभर रिकामं पोट, त्याला हलकं हवं. या बयेने काय करावं? आदल्या दिवशी, माझ्या रविवारी, माझं मटण चुलीवर रटरटत असताना, माझ्याच पातेल्यात काळे वाटाणे भिजत घातले! मी म्हटलं हे काय गो, तर म्हणे, "उद्याची तयारी, जाऊबाई." सोमवारी तिने खोबरं निखाऱ्यावर भाजलं, वाटलं, आणि कांदा नाही की लसूण नाही, असं काळ्या वाटाण्याचं सांबार केलं. सोबत आंबोळ्या. वास जिन्यापर्यंत गेला. शेजारची कमळाबाई उगाच साखर मागायला आली. साखर कसली मागते, डोळे सगळे टोपावर.

मामंजी जेवले. माझ्या हातचं जेवताना ते दुसऱ्यांदा वाढायला गेलं की ताटावर हात आडवा धरायचे. माझ्या लग्नापासून तो आडवा हात मी बघत आले होते. त्या दिवशी ते म्हणाले, "आणखी एक घाल गो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला बोलू!

आणि नखरे तरी किती! वाढून झालं की माणसाने उठावं, मागचं आवरावं. ही ताटाशी बसकण मारायची. पदर सावरून मामंजींना विचारायची, "तुम्ही पहिल्यांदा मुंबईला आलात, तेव्हा बोटीतून उतरून कुठे जेवलात हो?" आणि म्हातारा सांगत बसायचा. भाऊच्या धक्क्यावर उतरले ते, कुणा गाववाल्याने खानावळीत नेलं ते, तिथली आमटी कशी पाणचट होती ते. मी मोरीत भांडी आपटायची. मला नव्हते असले लाड जमत. मी वाढायची ती उभ्याने, आणि वरून सांगायची, "जेवा पटापट, पाणी जाईल नळाचं." खोटं होतं का? पाणी जायचंच!

हळूहळू घरात सगळे तिच्या वारांची वाट बघायला लागले. हे शनिवारी पाळी सुटल्यावर नाक्यावर उभे राहायचे, ते सरळ घरी यायला लागले. राधाला वारांची नावं धड येत नव्हती, ती बोटं मोडत म्हणायची, "आज आयेचा वार, उद्या काकीचा." आणि 'काकीचा' म्हणताना कार्टी उडी मारायची. माझ्या पोटची पोर!

त्यात श्रावण आला. आता हसा. वार वाटून घेताना श्रावण माझ्या ध्यानातच आला नव्हता. आमच्याकडे श्रावणभर मासळी बंद. माझे बुधवार, शुक्रवार, रविवार, तिन्ही एकदम ओसाड पडले. मी दुधी करायची, तोंडली करायची. ती अळूचं फदफदं, वालाचं बिरडं, घावणे आणि नारळाचा रस, रोज काहीतरी नवं. महिनाभर माझ्या वारी माणसं जेवली आणि तिच्या वारी माणसं खूश झाली. दोन्हीतला फरक मला समजत होता.

मी चाळीत सांगून टाकलं, तिच्या हातात काही नाही, ती माहेरचा मसाला घालते. तिच्या ट्रंकेत एक झाकणाची पितळी बुधली होती, ती कुणाला दाखवत नसे. मी म्हटलं, सगळी करामत त्या बुधलीत आहे. कमळाबाईला ते पटलं. मलाही पटलं, आणि त्यावर मला झोप लागू लागली.

मग त्या थंडीत सगळीकडे आग पेटली. मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून मोर्चे, हरताळ, गोळीबार. जानेवारीत तर लालबाग-परळात संचारबंदी लागली, खिडकीतून डोकं काढायची चोरी. कोळीण यायची बंद, बाजार बंद. आमचे हे मोर्चात धरले गेले. गेले ते तुरुंगातच गेले.

माझी काय दशा झाली ते मी सांगत नाही. पण एक सांगते. ते तिकडे असताना मी रोज मनात त्यांचं जेवण मांडायची. सुटून आले की पहिला आठवडा कसा करायचा, सातही रात्री काय काय वाढायचं, ते ठरवताना मला धीर यायचा. रविवारी कोंबडी-वडे. सोमवारी काळ्या वाटाण्याचं सांबार, होय, तेच, पण माझ्या हातचं. मंगळवारी सुक्या बांगड्याची किसमूर आणि पेज, त्यांना आवडते. बुधवारी सुरमई. गुरुवारी कोवळ्या फणसाची भाजी. शुक्रवारी तिसऱ्यांचं कालवण. शनिवारी रस-घावणे. माझा नवरा तुरुंगातून येणार, तर त्याच्या ताटात दुसरीचं काही पडता कामा नये. एवढंच मला देवाकडे मागायचं होतं.

सुटायची तारीख कळली तसं मी बकुळाला सांगितलं, "हा आठवडा सगळाच्या सगळा माझा. तू चुलीला हात लावायचा नाहीस."

"बरं जाऊबाई. मी भांडी बघते," ती म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. इतक्या सहज दिलं की घेतलेल्याची चवच गेली.

हे शनिवारी आले. वाळले होते, दाढी वाढलेली, गळ्यात हार. चाळीने ओवाळलं. रविवारी कोंबडी-वडे केले. "बरे झालेत," म्हणाले. ह्यांच्या तोंडून 'बरे' म्हणजे पुष्कळ, मी दिवसभर त्यावर तरंगत होते.

सोमवारी मी सांबार केलं. तिचं बघून बघून मला सगळं पाठ होतं. तेच वाटाणे, तसंच निखाऱ्यावर खोबरं, तशाच आंबोळ्या. मामंजी आणि हे शेजारी शेजारी बसले. मी उभी. ह्यांनी आंबोळीचा तुकडा मोडला, सांबारात बुडवला, तोंडात घातला. दोनदा चावला. मग इकडेतिकडे बघितलं आणि अगदी काळजीने विचारलं,

"आज बकुळाक बरा नाय काय?"

वाईट म्हणाले असते तर मी भांडले असते. त्या बाप्याच्या मनात काही नव्हतं हो! बकुळाच्या वारी बकुळाचं जेवण नाही, म्हणजे बकुळा आजारी असणार, एवढंच. मी हातातला डाव तसाच धरून उभी राहिले. आणि दारात तांदूळ निवडत बसलेली ती म्हणाली, "मी बरी आहे, मोठे भावजी. वाटाणेच जुने निघाले, शिजलेच नाहीत धड." चक्क खोटं! वाटाणे लोण्यासारखे शिजले होते. मला सांभाळून घ्यायला निघाली होती मेली. त्या क्षणी तिची वेणी धरून तिला जिन्यावरून खाली टाकावं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुरुष कामावर गेले तशी मी तिची ट्रंक ओढली. म्हटलं, "काढ ती बुधली. आज बघतेच कसला मसाला आणलायस माहेरून."

ती गोंधळली. बुधली काढून माझ्या हातात दिली. मी झाकण उघडलं. आत लग्नातली दोन हळकुंडं आणि वेणीत माळायचं, सुकलेलं सुरंगीच्या फुलांचं वळेसर. बस्स.

"आणि मसाला?" मी विचारलं.

"तुमचाच की, जाऊबाई. फळीवरच्या बरणीतला. मी दुसरा कुठून आणणार? असा मसाला आमच्याकडे कुणाला जमत नाही. माझी आई पण म्हणते."

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? तो मसाला मी चैत्रात मिरच्या वाळवून, स्वतः उभी राहून कुटून घेते, वर हिंगाचे खडे ठेवते. सांबाराची अर्धी वाहवा माझी झाली की! पण मला रडू कोसळलं. मसाला माझा, टोप माझा, चूल माझी, नळाचं पाणी तेच. मग माझ्याकडे नव्हतं ते काय? तिचा हात. तो काय ट्रंकेतून ओढून काढता येतो? बुधलीत काही निघालं असतं तर मी सुखी झाले असते.

त्यानंतर मी एकच जप लावला. खोली पुरत नाही. राधा मोठी होतेय, खोली पुरत नाही. उद्या त्यांना मुलंबाळं होतील, खोली पुरत नाही. ह्यांना पटेना, पण रोज रात्री ताटावर तेच ऐकलं की माणूस कंटाळतो. शेवटी भावजींना नायगावच्या चाळीत ओळखीने खोली मिळाली. गणपती होऊन गेल्यावर त्यांनी बिऱ्हाड हलवलं. भांडीकुंडी मी हात राखून दिली नाहीत, पातेली दिली, तवा दिला. निघताना ती फळीकडे बघून म्हणाली, "जाऊबाई, मसाला थोडा..."

"एका घरचा मसाला दुसऱ्या घरी जात नाही," मी म्हटलं. "बरणीला लागतं." असलं काही शास्त्र नाही. मी तिथल्या तिथे काढलं.

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्या पाया पडून गेली.

आता सातही वार माझे! पहिल्या सोमवारी मी हौसेने वाटाणे भिजवले. ऊन कललं तशी मामंजींनी खुंटीवरची टोपी घातली, काठी घेतली. म्हटलं, "कुठे निघालात? उपास सोडायचाय."

"जरा नायगावाक जावन येतंय," म्हणाले.

गेले ते जेवूनच आले. पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्याही. हा म्हातारा दिवसभर पोटात काही नसताना पूल ओलांडून, परळ ओलांडून, चालत चालत नायगावला जायचा, धाकटीकडे उपास सोडायचा आणि परत यायचा. पावसात छत्री घेऊन जायचा. चाळीत बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "मोठीकडे राहतो आणि उपास धाकटीकडे सोडतो!" कमळाबाईने तर तोंडावर विचारलं, "काय गो सुभद्रा, वाढत नाहीस का म्हाताऱ्याला?"

वाढत नाही? दर सोमवारी मी त्यांचं ताट वाढून झाकून ठेवायची. दर सोमवारी! सकाळी ते शिळं आमचे हे खायचे नाहीतर मी. पण ताट वाढायचं मी सोडलं नाही. कुणी म्हणायला नको की सुभद्रेच्या घरात सासऱ्याचं ताट नव्हतं.

चार वर्षं हे चाललं. मग साठ सालचा मे उजाडला, मुंबईसकट महाराष्ट्र झाला. पहिली तारीख, रविवार होता. चाळीत कंदील लागले, पेढे वाटले, हे तर लहान पोरासारखे नाचले. मी मटण केलं, सगळ्यांनी बोटं चाटली. पण माझं चित्त दुसऱ्याच दिवसाकडे होतं. मामंजींचे गुडघे त्या उन्हाळ्यात सुजले होते, जिना उतरवत नव्हता. उद्या सोमवार. टोपी खुंटीवरच राहणार. महाराष्ट्राला मुंबई मिळाली, मला माझा सोमवार मिळणार.

वाटाणे निवडून निवडून भिजवले. खोबरं जपून भाजलं. दिवा लागला, ताट वाढलं, पाट मांडला. आणि दारात दौलत भावजी. हातात डबा. "बकुळाने दिलंय बाबांसाठी. म्हणाली, त्यांचे गुडघे दुखतायत, येणार नाहीत."

माझं वाढलेलं ताट तसंच राहिलं. मामंजींनी डबा उघडला आणि जेवायला लागले. भावजी ह्यांच्याबरोबर बाहेर गॅलरीत बोलत उभे राहिले. मला राहवेना. डब्याच्या झाकणाला सांबार लागलं होतं, ते मी बोटाने पुसून चाटलं.

आणि काय सांगू! पाणचट! मसाला बाजारचा, नुसता तिखटजाळ, मागे ना वास ना चव. माझं त्याच्या दुप्पट सरस होतं. मला तिथल्या तिथे फुगडी घालावीशी वाटली. म्हटलं, "मामंजी, आज तुमच्या बकुळाचा हात बिघडला हो!"

"बिघडलो खंय?" ते शांतपणे म्हणाले. "तिच्याकडे असाच असता. तुझो मसालो खंय तिच्याकडे?"

"असंच असतं? चार वर्षं?"

"व्हय तर."

"मग या असल्या सांबारासाठी एवढे पाय तुडवत जात होतात?"

त्यांनी घास गिळला. माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, समजवायच्या सुरात म्हणाले,

"ती बसता गो बाजूक."

ते परत जेवायला लागले.

वार मी घेतले होते. मसाला ठेवून घेतला होता. सातही रात्री माझ्या होत्या. आणि हिने काय केलं, तर बसली! ते तर मला फुकट करता आलं असतं.

मी माझ्या ताटावरचं झाकण काढलं, ताट त्यांच्यापुढे सरकवलं आणि खाली बसले. नळाला पाणी येत होतं, त्याचा आवाज ऐकू येत होता, पाय उठू उठू करत होते. त्यांनी माझ्या आंबोळीचा तुकडा मोडला. शेवटी मी विचारलं, "मामंजी, तुम्ही पहिल्यांदा मुंबईला आलात, तेव्हा बोटीतून उतरून कुठे जेवलात हो?"

प्रश्नसुद्धा तिचाच. मला स्वतःचा एक प्रश्न सुचला नाही, अगदी त्या वेळीसुद्धा. म्हातारा मात्र खुलला. धक्का, गाववाला, खानावळ, पाणचट आमटी, सगळं पहिल्यापासून सांगितलं. सांगता सांगता माझं सांबार पुन्हा मागून घेतलं.

भावजी निघाले तशी मी डबा घासला, पुसला. रिकामं भांडं परत पाठवत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मी साखरेचा डबा काढला, पुन्हा ठेवला. फळीवरची बरणी उतरवली आणि तिचा डबा मसाल्याने काठोकाठ भरला, दाबून भरला, वर हिंगाचा खडा ठेवला. प्रेमाने नव्हे हं, गैरसमज नको. माझ्या सासऱ्याच्या पोटात बाजारचा मसाला जायला नको म्हणून.

भावजी म्हणाले, "वहिनी, हे बरणीला लागत नाही ना?"

"गप न्या," मी म्हटलं.

आता दर सोमवारी डबा येणार, सांबाराला पुन्हा पहिली चव येणार, आणि जिन्यावर वास गेला की कमळाबाई पुन्हा म्हणणार, बकुळाच्या हाताला काय चव! म्हणू दे मेलीला.